समजा क्ष = ५

कॉम्प्युटर सुरू केल्यावर तुम्हाला काय दिसतं? एखादं सुंदर चित्र, त्यावर ओळीनं मांडलेली छोटी छोटी चिन्हं, कोपऱ्यात घड्याळ. एखाद्या चिन्हावर टिचकी मारली की दुसऱ्या कोणीतरी आधीच तयार केलेली गोष्ट उघडते. खेळ, व्हिडिओ, नाहीतर शाळेचा गृहपाठ.

१९८२ साली इंग्लंडमधल्या एखाद्या मुलीनं बीबीसी मायक्रो नावाचा कॉम्प्युटर सुरू केला, तर तिला यातलं काहीच दिसायचं नाही. आधी दोन सुरांत 'बू-बीप' असा आवाज यायचा. मग काळ्या पडद्यावर दोन-तीन ओळी उमटायच्या आणि त्यांच्याखाली एक बारीक रेघ लुकलुकत राहायची. एवढंच. पुढं यंत्र काही करायचं नाही. तुम्ही काय लिहिताय याची वाट बघत गप्प बसायचं. आणि लिहायचं कुठल्या भाषेत? बेसिक नावाच्या, प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. ती भाषा यंत्राच्या आतच बसवलेली असायची. डाउनलोड करा, इन्स्टॉल करा, पासवर्ड द्या, अशी भानगडच नव्हती.

त्या काळच्या बहुतेक घरगुती कॉम्प्युटरांचं असंच होतं. इंग्लंडमधला सिंक्लेअर कंपनीचा रबरी बटणांचा स्पेक्ट्रम घ्या, नाहीतर अमेरिकेतला कमोडोर ६४ घ्या. सगळे बेसिकमध्येच जागे व्हायचे.

तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल, तर ही जुनी यंत्रं जपणारी हौशी मंडळी तुम्हाला सहज भेटतील. सुट्टीच्या दिवशी गावातल्या एखाद्या हॉलमध्ये टेबलं मांडून, वायरींच्या गुंत्यात ही माणसं रमलेली असतात. केंब्रिजच्या 'सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्टरी'त आणि ब्लेचली पार्कच्या 'नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग'मध्ये तर बीबीसी मायक्रो ओळीनं मांडून जुना शाळेचा वर्गच उभा केलाय. तिथं नुसतं काचेतून बघायचं नसतं, यंत्राला हातही लावता येतो.

मी अशा ठिकाणी आवडीनं जाते. आठवड्यातले पाच दिवस मी सॉफ्टवेअर लिहिते आणि शनिवारी तुमच्यातल्या काही जणांना मराठी शिकवते, त्यामुळे भाषा या विषयावर कोणी भांडत असेल तर माझे पाय आपोआप तिकडे वळतात. आणि ही मंडळी भांडतात! आपल्याकडे पुण्याची मिसळ चांगली की कोल्हापूरची यावर जसा वाद होतो, अगदी तसा. कोणाचं बेसिक चांगलं?

स्पेक्ट्रमवाले सांगतात, आमच्याकडे 'प्रिंट' हा शब्द अक्षर अक्षर जोडून लिहावाच लागत नसे. 'पी'चं बटण दाबलं की अख्खा शब्द पडद्यावर. कमोडोरवाल्याला ५३२८० हा आकडा सांगून बघा. चाळीस वर्षं झाली तरी तो क्षणात सांगेल, की या जागेवर शून्य ठेवलं की पडद्याची कड काळी होते. कमोडोरच्या बेसिकमध्ये रंगांसाठी वेगळे शब्दच नव्हते. त्यामुळे यंत्राच्या स्मृतीतले असे पत्ते मुलं पाढ्यांसारखे पाठ करायची. बीबीसीवाले यावर हसतात. त्यांच्या बेसिकमध्ये चित्रांसाठी, आवाजासाठी चांगले शब्द होते. शिवाय मोठ्या कामाचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला नाव देता यायचं.

चूक झाली की कोणतं यंत्र काय म्हणायचं, यावर तर तासभर गप्पा चालतात. कमोडोर कोरडेपणानं 'सिंटॅक्स एरर' म्हणायचा, म्हणजे वाक्यरचना चुकली. स्पेक्ट्रम चुकीची ओळ आत घ्यायचाच नाही. चूक दिसली तिथं लुकलुकणारं प्रश्नचिन्ह उभं करायचा. त्याच्या संदेशांच्या यादीत 'नॉन्सेन्स इन बेसिक' असाही एक संदेश होता. बीबीसी मायक्रो नुसतं 'मिस्टेक' म्हणायचा. आणि प्रोग्रॅमच्या ओळींना नवे क्रमांक देताना, दोन ओळींमध्ये शून्याचं अंतर ठेव असं त्याला सांगितलं, तर तो म्हणायचा, 'सिली'. म्हणजे, 'काहीतरीच काय!' आजचा कुठला कॉम्प्युटर इतक्या आपुलकीनं रागावतो, सांगा बरं?

जुन्या आठवणींमध्ये असं रमून जाण्याला मराठीत एक सुंदर शब्द आहे, स्मरणरंजन. तरुण माणसं स्मरणरंजनाला हसतात. माझ्या ऑफिसातली पंचविशीतली मुलं म्हणतात, या आजोबांना स्वतःचं लहानपण आवडतं, बेसिक नव्हे. ते दहा वर्षांचे असताना घरी शिलाई मशीन असतं तर आज ते शिलाई मशीनबद्दल असंच बोलले असते.

यात थोडं तथ्य आहे. पण मला हा हिशेब पुरेसा वाटत नाही. या लोकांच्या बोलण्यात आजच्या मुलांच्या उपयोगाचं काहीतरी नक्की आहे आणि ते आपण हसण्यावारी नेऊ नये, असं माझं मत आहे. का, ते सांगते.

आधी बेसिक कुठून आलं ते बघू. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात डार्टमथ नावाचं कॉलेज आहे. तिथले गणिताचे दोन प्राध्यापक, जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ, यांना वाटलं, की कॉम्प्युटर फक्त शास्त्रज्ञांनीच का वापरावा? इतिहास, साहित्य शिकणाऱ्या मुलांनाही तो वापरता आला पाहिजे. म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांची एक भाषा तयार केली. १ मे १९६४ रोजी, पहाटे चार वाजता, तिच्यातला पहिला प्रोग्रॅम चालला. (पहाटे चारला! प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांच्या सवयी तेव्हाही अशाच होत्या.) पुढं पंधरा-वीस वर्षांनी छोटे, स्वस्त कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांच्या इवल्याशा स्मृतीत मावणारी आणि नवख्या माणसाला झेपणारी ही भाषा सगळ्यांनी उचलली.

ही भाषा किती लहान होती? दोन ओळी लिहून दाखवते. खरं तर त्या इंग्रजीत लिहायच्या असतात, इथं मी त्या आपल्या लिपीत लिहिते.

१० प्रिंट "नमस्कार"
२० गोटू १०

पहिली ओळ म्हणते, नमस्कार छाप. दुसरी म्हणते, परत दहाव्या ओळीवर जा. झालं. पडदाभर नमस्कारच नमस्कार, थांबायचं नावच नाही. त्या काळी इंग्लंडमधली मुलं दुकानात शिरायची, विकायला मांडलेल्या कॉम्प्युटरवर अशा दोन ओळी लिहायची, 'नमस्कार'च्या जागी एखादा वात्रट शब्द टाकायची आणि दुकानदार यायच्या आत पळून जायची. ही आठवण न सांगणारा हौशी माणूस मला अजून भेटलेला नाही.

तुम्ही म्हणाल, यात शिकण्यासारखं काय? विचार करा. त्या मुलांनी यंत्राला दोन आज्ञा दिल्या आणि यंत्रानं त्या तंतोतंत पाळल्या. 'एकदा छाप' आणि 'छापतच राहा' यांतला फरक एका छोट्या ओळीनं पडतो, हे त्यांना कोणी समजावून सांगितलं नाही. त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं. शिवाय आणखी थोडे दिवस गेले की ती भाषा जवळजवळ पूर्ण त्यांच्या डोक्यात मावायची. मी आज ज्या भाषांमध्ये काम करते, त्या कोणाच्याच डोक्यात पूर्ण मावत नाहीत. माझ्याही नाही. एखादी गोष्ट आपल्याला पूर्ण कळली आहे, असं दहाव्या वर्षी वाटणं ही फार मोठी चैन आहे.

बेसिकवर टीकाही खूप झाली. एड्सखर डायक्स्ट्रा नावाचे एक फार मोठे डच शास्त्रज्ञ होते. १९६८ सालीच त्यांनी 'गोटू' या आज्ञेविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं होतं. इकडून तिकडे उड्या मारणारा प्रोग्रॅम म्हणजे मांजरानं खेळलेली लोकर. टोक कुठं, शेवट कुठं, काही कळत नाही. (मांजर माझं, मुद्दा त्यांचा.) १९७५ मध्ये त्यांनी याहून कडक लिहिलं. ज्या विद्यार्थ्यांनी आधी बेसिक शिकलंय, त्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळजवळ अशक्य आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता.

डायक्स्ट्रांबद्दल मला अतिशय आदर आहे. फोनवरचा नकाशा तुम्हाला जवळचा रस्ता शोधून देतो, त्यामागे त्यांनी शोधलेली रीत आहे. पण या बाबतीत पुढं काय झालं ते बघा. बीबीसी मायक्रोसाठीचं बेसिक लिहिलं सोफी विल्सन यांनी. त्या केंब्रिजमधल्या एकॉर्न कंपनीत काम करत होत्या. काही वर्षांनी त्याच कंपनीला नवीन प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, बनवायचा होता. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो आखला. पण चिप बनवून घ्यायला पैसा आणि वेळ लागतो, मग आखणी बरोबर आहे की नाही हे आधी कसं कळणार? त्यांनी त्या प्रोसेसरची नक्कल एका प्रोग्रॅममध्ये लिहून तपासली, आणि तो प्रोग्रॅम होता बीबीसी बेसिकमध्ये! एप्रिल १९८५ मध्ये खरी चिप आली आणि ती चालली. तिचं नाव आर्म. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये, मग तो आयफोन असो की अँड्रॉइड, त्याच घराण्यातला प्रोसेसर असतो. मुलांच्या भाषेनं डोकं कायमचं बिघडतं, या म्हणण्याला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आता माझी गोष्ट थोडी सांगते, कारण तिचा तुमच्याशी संबंध आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकले. इंग्लंडमधले हौशी लोक नेहमी म्हणतात, की बेसिक सोपं होतं कारण ते साध्या इंग्रजीसारखं होतं. प्रिंट, इफ, देन, लेट. त्यांच्यासाठी खरंच होतं. आमच्यासाठी मात्र हे सगळे शब्द परके. 'लेट' म्हणजे उशीर, एवढंच आम्हाला ठाऊक. एसटी लेट झाली, तसं.

पण गणिताच्या तासाला सर फळ्यावर लिहायचे : समजा क्ष = ५. पुस्तकात इंग्रजी एक्स छापलेला असायचा, तरी सर क्षच म्हणायचे. बेसिकच्या एका जुन्या पुस्तकात 'लेट एक्स = ५' ही ओळ मी वाचली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे तर 'समजा'! स्पेक्ट्रमवर तर हा शब्द प्रत्येक वेळी लिहावाच लागायचा. बाकीच्या यंत्रांवर तो गाळला तरी चालायचं. मला स्पेक्ट्रमची रीत जास्त आवडते. 'समजा' म्हटलं की पुढचं सगळं आपण क्षणभर खरं मानायचं असतं, आणि प्रोग्रॅमिंग म्हणजे बरंचसं तेच असतं.

तुमचं बरोबर उलटं आहे. 'इफ' आणि 'देन' तुमच्या घरचे शब्द आहेत. 'जर' आणि 'तर' तुम्ही शनिवारी शिकता. पण 'जर'शिवाय 'तर' येत नाही हे तुम्हाला मी शिकवायच्या आधीच माहीत असतं. एका भाषेत ओळखलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत पुन्हा भेटते आणि आपण म्हणतो, अरे तू होय! हा आनंद मला प्रोग्रॅमिंगनं दिला आणि शनिवारच्या वर्गात तुमच्या चेहऱ्यावर मी तो कधी कधी बघते.

आमच्या शाळेत कॉम्प्युटरची एक खोली होती. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जातो तसं. एका कॉम्प्युटरवर तिघीजणी. तिथं आठवीत आम्हाला लोगो भाषा दाखवली. लोगोमध्ये पडद्यावर एक कासव असतं. त्याला सांगायचं, १०० पावलं पुढे जा, ९० अंशांत उजवीकडे वळ. असं चार वेळा केलं की चौकोन तयार. आमच्या तिघींपैकी एकीच्याच हातात कीबोर्ड यायचा, मग उरलेल्या दोघी मधल्या सुट्टीत मैदानावर कासव व्हायच्या. एक डोळे मिटून उभी राहणार, दुसरी आज्ञा देणार : पुढे पाच, उजवीकडे नव्वद! भिंतीवर आपटलो तर चूक आज्ञा देणारीची. कासवाची कधीच नाही.

खूप वर्षांनी कळलं, की लोगो करणाऱ्यांच्या मनात अगदी हेच होतं. सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत ही भाषा मुलांसाठी तयार केली. मुलानं स्वतःला कासवाच्या जागी ठेवून बघावं, असं पॅपर्ट सांगायचे. १९८० मध्ये आलेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात त्यांनी एक विचार मांडलाय, तो तुम्हाला लगेच पटेल. फ्रेंच शिकायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे फ्रान्स. मग गणित शिकण्यासाठी गणिताचा एखादा देश का असू नये, जिथं गणितातच बोलावं लागतं? लोगो हा त्यांच्या मते तसा एक देश होता. आठवड्यातून दोन तास मराठी शिकून घरी परत इंग्रजीत शिरणाऱ्या मुलांना या वाक्याचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

(जाता जाता एक कोडं. कासवाकडून सहा समान बाजूंची आकृती काढून घ्यायची आहे. प्रत्येक कोपऱ्यावर त्याला किती अंश वळवाल? बरेच जण १२० म्हणतात. कागदावर नको, खोलीत चालून बघा.)

इथपर्यंत मी हौशी मंडळींच्या बाजूनं बोलले. आता ज्या गोष्टी मला पटत नाहीत, त्या सांगते.

पहिली म्हणजे, 'तेव्हा प्रत्येक मूल प्रोग्रॅम लिहायचं' हे त्यांचं आवडतं वाक्य. प्रत्येक? बीबीसी मायक्रोच्या मोठ्या मॉडेलची किंमत ३९९ पौंड होती. सगळ्यात स्वस्त स्पेक्ट्रमसुद्धा १२५ पौंडांना पडायचा. भारतात १९८४ साली सरकारनं 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांना हेच बीबीसी मायक्रो दिले. सुरुवातीला किती शाळांना? २५०. लाखो शाळा असलेल्या देशात! तुमच्या एखाद्या काकांनी किंवा मावशीनं तेव्हा ते यंत्र बघितलं असेल, तर त्यांना जरूर विचारा, पण अशी माणसं थोडीच भेटतील.

दुसरी गोष्ट मुलींची. या हॉलमध्ये मी गेले की बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. जाहिरातींनी घरातला कॉम्प्युटर मुलग्यांचं खेळणं म्हणून विकला, आणि तो मुलग्याच्या खोलीत गेला. अमेरिकेत १९८४ च्या सुमाराला कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्यांत सुमारे ३७ टक्के मुली होत्या. त्यानंतर हा आकडा खाली खाली येत गेला. सगळा दोष त्या छोट्या यंत्रांचा नसेल. पण ज्या भाषांच्या आठवणी हे लोक काढतात, त्या घडवण्यात सोफी विल्सन आणि सिंथिया सॉलोमन होत्या, आणि वापरणाऱ्यांच्या आठवणीत मात्र बायका नाहीत, हे मला खुपतं. माझ्या शाळेतल्या त्या चपला काढून जायच्या खोलीत निम्म्या मुली होत्या. त्यामुळे हे 'नैसर्गिक' आहे असं कोणी म्हटलं, तर मी ऐकून घेत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. तुमच्या आईबाबांपैकी कोणी भारतात कॉम्प्युटर शिकलं असेल, तर त्यांच्यासमोर नुसतं 'टर्बो सी' म्हणा आणि चेहरा बघा. निळा पडदा, पिवळी अक्षरं. मी बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं तेव्हा आम्हीही त्यावरच सी प्लस प्लस शिकलो. प्रोग्रॅमच्या शेवटी 'गेटच' लिहायला विसरलं की उत्तर पडद्यावर येऊन क्षणात गायब. हे आठवलं की मलाही हसू येतं. पण टर्बो सी हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं सॉफ्टवेअर होतं आणि कित्येक कॉलेजांमध्ये ते वीस वर्षांनंतरही शिकवत होते. नव्या कॉम्प्युटरवर ते नीट चालेना, तर जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करून त्यात ते चालवत. कारण काय, तर अभ्यासक्रम कोणी बदलला नव्हता. हौस म्हणून जुनी गोष्ट जपणं वेगळं आणि आळस म्हणून ती मुलांच्या गळ्यात मारणं वेगळं. पहिल्याचं मला कौतुक वाटतं. दुसऱ्याबद्दल नोकरीच्या पहिल्या वर्षी मला राग यायचा, कारण तिथं गेल्यावर बरंच काही विसरून पुन्हा शिकावं लागलं.

आणि टेप! प्रोग्रॅम जपून ठेवायचे ते गाण्याच्या कॅसेटवर. एक खेळ उघडायला चार-पाच मिनिटं लागायची, तोवर यंत्र किंचाळल्यासारखा आवाज करत राहायचं, आणि शेवटच्या क्षणी काहीतरी बिघडलं की कॅसेट मागे नेऊन पुन्हा पहिल्यापासून. या त्रासानं चिकाटी आली, असं ही मंडळी सांगतात. मला नाही तसं वाटत. त्रास हा त्रासच असतो. त्यांना चिकाटी आली, कारण टेप संपल्यावर जे मिळायचं ते त्यांना हवं होतं.

म्हणून सगळं जुनं ते सोनं, असं मी म्हणत नाही. बीबीसी मायक्रोची स्मृती ३२ किलोबाइट होती. तुमच्या फोननं काढलेल्या ३ मेगाबाइटच्या एका फोटोत अशा ९६ यंत्रांची स्मृती भरून जाईल. तिथं परत जायची कोणाची इच्छा असेल तर त्यांनी खुशाल जावं. पण त्या काळातली एक गोष्ट आणता येण्याजोगी आहे : चालू केल्या केल्या, काही न विचारता, तुमच्या पहिल्या वाक्याची वाट बघणारं यंत्र. ही नुसती कल्पना नाही. एबेन अप्टन आणि त्यांचे केंब्रिजमधले सहकारी काळजीत होते, की कॉम्प्युटर सायन्ससाठी अर्ज करणारी मुलं कमी होत आहेत आणि जी येतात त्यांना पूर्वीच्या मुलांइतकं प्रोग्रॅमिंग येत नाही. त्यांनी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा पस्तीस डॉलरचा चिमुकला कॉम्प्युटर काढला, आणि त्याच्या मॉडेलांना बीबीसी मायक्रोसारखीच 'ए' आणि 'बी' अशी नावं दिली. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या शाळांत वाटलेला मायक्रोबिट तर नावापासून त्याच घरातला. तुमच्यातल्या कोणाच्या तरी दप्तरात तो असेल. स्मरणरंजन असंही असू शकतं, की माणूस आठवण काढत बसत नाही, तिच्यातून पुढच्या मुलांसाठी वस्तू बनवतो.

आता तुमच्या मनातला प्रश्न. मला माहीत आहे, कारण वर्गात तुमच्यातल्याच एकानं तो विचारला होता. "ताई, आता एआय प्रोग्रॅम लिहून देतं. मग आम्ही कशाला शिकायचं?"

एआय मी ऑफिसात रोज वापरते आणि त्याचा मला खूप उपयोग होतो. मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका नवीन मुलानं ग्राहकांची वयं मोजणारा प्रोग्रॅम एआयकडून लिहून घेतला. दिसायला सुबक, वाचायला सोपा. पण २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या माणसाचं काय? ज्या वर्षी २९ फेब्रुवारी नसतो, त्या वर्षी त्या प्रोग्रॅमच्या हिशेबानं त्याचा वाढदिवसच येत नव्हता. हे कोणाच्या लक्षात आलं? ज्या बाईंनी लहानपणी मासिकात छापलेले बेसिकचे प्रोग्रॅम एकेक ओळ टाइप करून काढले होते, त्यांच्या. त्या आता निवृत्तीला आल्या आहेत. त्यांना वाचतानाच प्रत्येक ओळ चालताना दिसते. त्या स्वतः कासव होतात आणि भिंत कुठं आहे ते बघतात.

दुसऱ्यानं लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे कळायला आधी स्वतः थोडं लिहिलेलं असावं लागतं. तुमच्यासाठी कोणी मराठीत निबंध लिहून दिला, आणि त्यात 'मी घरी आलो'च्या जागी 'मी घरी आला' असलं, तर ते कानाला खटकायला कानात आधी मराठी हवी ना? पायथॉन घ्या, स्क्रॅच घ्या, बेसिक घ्या, मला काही फरक पडत नाही. मात्र पहिले दहा-वीस प्रोग्रॅम छोटे असावेत, तुमचे स्वतःचे असावेत आणि पूर्ण कळलेले असावेत, एवढा माझा आग्रह आहे. पायथॉनमध्ये तर नावं देवनागरीतही देता येतात. आकडा तेवढा इंग्रजीत लिहिला, तर 'क्ष = 5' अशी ओळ त्यात खरोखर चालते. आमच्या सरांना ते दाखवायला मला फार आवडलं असतं.

बीबीसी मायक्रोची हुबेहूब नक्कल ब्राउझरमध्ये फुकट चालते, तीही बघा. तिथं आधी मुद्दाम काहीतरी अर्धवट लिहा आणि 'मिस्टेक' हा शब्द मिळवा. मग ते दोन ओळींचं नमस्काराचं यंत्र चालवा. ते थांबवायचं कसं, हे मी सांगणार नाही.

आणि जुन्या यंत्रांच्या एखाद्या मेळाव्याला गेलात, तर कोणता कॉम्प्युटर सगळ्यात चांगला हे चुकूनही विचारू नका, संध्याकाळ होईल. तुम्ही लिहिलेला पहिला प्रोग्रॅम काय करायचा, असं विचारा. उत्तर ऐकून घ्या आणि मग खुर्ची मागा. बहुतेक जण लगेच उठतात.